निरोगी कोंबड्या मारून बाकीच्या वाचवायच्या, हा हिशोब तुम्हाला पटतो का?

माळरान (धागाकर्ता)

बर्ड फ्लूची बातमी आली की दरवेळी तेच चित्र असतं, पांढरी किटं घातलेली माणसं, पोत्यात भरलेल्या कोंबड्या, जेसीबीने काढलेला खड्डा, चुना आणि खाली पट्टी फिरते की अमुक हजार पक्षी नष्ट करणार. आठवडाभर चिकन-अंड्याचे भाव पडतात, मग सगळे विसरतात. मला यावर नीट बोलायचं होतं म्हणून धागा काढतोय. रोग झालेल्या कोंबड्यांचं सोडा, त्या तशाही मरणार असतात. पण ज्यांना काहीच झालेलं नाही, चांगल्या धडधाकट, त्या केवळ रोगी शेडच्या जवळ आहेत म्हणून मारायच्या, हे बरोबर आहे का? आणि बरोबर असेल तर कुठल्या अटींवर?

आधीच सांगतो, मी मारण्याच्या सरसकट विरोधात नाहीये. १९९७ ला हाँगकाँगमध्ये बर्ड फ्लूचा हा एच५एन१ व्हायरस पहिल्यांदा माणसात आला, १८ जणांना झाला, त्यातले ६ गेले. तिथल्या सरकारने डिसेंबर संपता संपता शहरातल्या सगळ्या कोंबड्या मारल्या, पंधरा लाखांच्या आसपास, आणि ती साथ तिथेच थांबली. आपल्याकडे २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. देशातली पहिली लागण तीच. पोल्ट्रीवाल्यांना आधी मानमोडीच (राणीखेत, कोंबड्यांचा नेहमीचा रोग) वाटली होती, मग भोपाळच्या लॅबचा रिपोर्ट आला आणि लाखो पक्षी मारले गेले. माणसात एकही केस सापडली नाही. जगात २००३ पासून या व्हायरसच्या माणसांतल्या नऊशेच्या वर केसेस नोंदल्या गेल्यात आणि त्यातले जवळजवळ निम्मे दगावलेत, त्यामुळे "जीव घेणं वाईटच" एवढं म्हणून विषय मिटवता येत नाही.

पण मला खुपतं ते वर्तुळ. २००६ ला नियम होता रोगी जागेपासून ३ किलोमीटरपर्यंत सगळे पक्षी मारायचे. २०२१ पर्यंत तो १ किलोमीटरवर आला. ऐकायला दोन किलोमीटरचा फरक, पण वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून बघा, २८ चौरस किलोमीटरचं झालं ३ चौरस किलोमीटर. म्हणजे नऊपट कमी. त्या मधल्या २५ चौरस किलोमीटरमधल्या कोंबड्या एकदा 'मारणं आवश्यक' होत्या आणि पंधरा वर्षांनी नव्हत्या. अभ्यास वाढला, अनुभव आला, म्हणून नियम बदलला, हे मला कळतं आणि चांगलंच झालं. पण मग 'थोड्यांचा बळी देऊन अनेक वाचवले' असं जेव्हा आपण छातीठोक म्हणतो तेव्हा 'थोडे' म्हणजे किती हे कंपासच्या टोकावर ठरलेलं असतं, एवढं तरी लक्षात ठेवू.

आणि दुसरी गोष्ट, मोठी. माझी मावशी मराठवाड्यात राहते, तिच्या परसात गावरान कोंबड्या होत्या, त्या अशाच एका वर्तुळात आल्या. एकही आजारी नव्हती. एक खुडूक बसलेली होती, अंड्यांवर. टीमने व्यवस्थित समजावून सांगितलं, कुणी दमदाटी केली नाही, मावशीनेही स्वतः डालग्याखालून काढून दिल्या कारण दुसऱ्या कुणाच्या हाताला त्या येत नव्हत्या. अंडी पण गेली. पैसे मिळायला पुढे फार वेळ लागला आणि मिळाले ते एका कोंबडीचे ९० रुपये. गावरान कोंबडी तेव्हा बाजारात चार-पाचशेला जात होती. रोग आला होता मोठ्या शेडमध्ये. मावशीच्या कोंबड्या मेल्या त्या इतरांच्या कोंबड्या वाचाव्यात म्हणून, मग त्याची किंमत मावशीने एकटीने का भरायची?

निशिगंध

धागा चांगला आहे पण मला मुळातच हा हिशोब पटत नाही. जीव हे बेरीज-वजाबाकीत बसत नाहीत. दहा हजार वाचले म्हणून शंभर मारलेले बरे, हे दहा हजारांच्या बाजूने बोलणं झालं, त्या शंभरातल्या एकीला तर एकच जीव होता ना. माणसांच्या बाबतीत आपण असं कधी करू का? टीबीच्या पेशंटच्या शेजारी राहतो म्हणून कुणाला मारत नाही, वेगळं ठेवतो, औषध देतो. कोंबडी बोलू शकत नाही म्हणून तिच्यावर हा प्रयोग. आणि कृपया "तशीही कापलीच जाणार होती" हे कुणी म्हणू नका. मी खात नाही, पण खाण्यासाठी कापणं हेही ज्यांना मान्य आहे त्यांनाही खड्ड्यात टाकलेल्या हजारो कोंबड्या बघवत नाहीत, म्हणजे आत कुठेतरी कळतंच की हे काहीतरी वेगळं आहे.

पशुवैद्य_खानदेश

मी या कामात होतो २०२१ ला, त्यामुळे प्रत्यक्षातलं सांगतो.

निरोगी दिसणाऱ्या का मारतात, तर कोंबडी निरोगी दिसते म्हणजे ती निरोगी आहे असं नाही. लक्षणं दिसायच्या आधीपासून विष्ठेतून आणि नाकातोंडातून व्हायरस पडायला लागतो. एकदा शेडमध्ये घुसला की दोन-तीन दिवसांत बहुतेक सगळं शेड आडवं होतं. मरण सोपं नसतं, तुरा काळानिळा पडतो, डोकं सुजतं, पायांवर रक्ताचे डाग येतात, श्वास लागतो. वर्तुळातल्या कोंबड्या सोडल्या आणि त्यांना लागण झाली तर त्यांच्या वाट्याला हे येतं. निशिगंध, तुमचा मुद्दा मला कळतो, पण आमच्यासमोर 'मारायचं की जगवायचं' असा पर्याय फार कमी वेळा असतो, बहुतेक वेळा 'आज झटकन की परवा तडफडून' असाच असतो. टीबीचं उदाहरण इथे लागू होत नाही कारण टीबीला औषध आहे, विलगीकरण जमतं. परसातल्या कोंबडीचं विलगीकरण करून दाखवा, ती सकाळी उकिरड्यावर, दुपारी शेजारच्या अंगणात.

आता मारतात कसं. मान उपसून. नीट केलं तर क्षणात होतं, आणि नीट करायला शिकवावं लागतं. शेडमधले पक्षी पकडणं सोपं, गावरान कोंबड्या दिवसा सापडतच नाहीत, त्यांच्यामागे पळालं तर त्या गावभर होतात आणि रोग असेल तर तोही गावभर होतो. म्हणून संध्याकाळी थांबायचं, त्या झाडावर नाहीतर खुराड्यात बसल्या की बॅटरीच्या उजेडात एकेक हळूच उचलायची. अंधारात त्या शांत असतात. किटमध्ये घामाने आंघोळ होते, चष्म्यावर वाफ धरते, आणि बाया-पोरं ओट्यावर उभी राहून बघत असतात. खड्डा दोनेक मीटर खोल, पक्ष्यांचा थर, चुन्याचा थर. अंडी, खाद्य, तूस सगळं त्यातच. आम्हाला फ्लूवरच्या टॅमीफ्लूच्या गोळ्या आणि नंतर काही दिवस तब्येतीवर लक्ष. हे काम केलेला कुणीही माणूस "थोड्या कोंबड्या गेल्या, काय एवढं" असं म्हणणार नाही.

आकडेमोड

३ किमी आणि १ किमीचा मुद्दा जबरदस्त आहे, असा विचार केला नव्हता.

यात ब्रिटनचं २००१ चं प्रकरण वाचण्यासारखं आहे. लाळ्या खुरकूताची साथ आली, नियम केला की रोगी फार्मवरची जनावरं २४ तासांत आणि लागून असलेल्या फार्मवरची ४८ तासांत मारायची, रोग दिसो न दिसो. कॉम्प्युटर मॉडेलवर ठरवलेलं. साठ लाखांच्या वर जनावरं गेली, मेंढ्या सगळ्यात जास्त. साथ संपली हे खरं, पण शेजारच्या फार्मवरची एवढी जनावरं मारायची गरज होती का यावर तिथले पशुवैद्य आणि मॉडेलवाले वर्षानुवर्षं भांडत राहिले. आणि लाळ्या खुरकूत हा माणसाला होणारा रोग नव्हे, मोठी जनावरंही बहुतेक बरी होतात. तिथे वाचवायचं होतं ते मुख्यतः 'रोगमुक्त देश' हे स्टेटस, म्हणजे निर्यात.

त्याच साथीत डेव्हनमध्ये एक पांढरं वासरू मेलेल्या आईशेजारी पाचेक दिवसांनी जिवंत सापडलं, पेपरवाल्यांनी फिनिक्स नाव ठेवलं, देशभर हळहळ, सरकारने त्याला सोडलं आणि शेजारच्या फार्मचा नियमही त्याच सुमारास सैल केला. ज्याला नाव मिळालं ते वाचलं. मला तर हे जास्त भयंकर वाटतं, कारण नियम बरोबर असेल तर वासरासाठी मोडायला नको होता आणि चूक असेल तर बाकीच्या लाखोंचं काय.

शेडवाला

ब्रॉयलरचं, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांचं, शेड आहे माझं, कॉन्ट्रॅक्टवर. इथं सगळे नीतीचं बोलताय, बोला, पण थोडं पैशाचं ऐका, कारण माझ्या मते नीती तिथंच अडकलीय.

२०२१ चे दर सांगतो, पाठ आहेत. अंड्यावरची कोंबडी आठ आठवड्यांच्या वरची असली तर ९० रुपये, खालची २०. ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या वरचा ७० रुपये, खालचा २०. अंडं ३ रुपये. खाद्य किलोला १२ रुपये. आता मला सांगा ब्रॉयलर किती दिवसांत विकतात? पस्तीस ते बेचाळीस. म्हणजे सहा आठवडे पूर्ण होईस्तोवर माल गेलेला असतो. दोन किलोचा तयार पक्षी, गाडी उद्या येणार, आणि आज वर्तुळ पडलं तर कागदावर तो 'सहा आठवड्यांखालचा', वीस रुपये. वीस रुपयांत एक दिवसाचं पिल्लूसुद्धा कित्येकदा येत नाही. पक्षी कंपनीचा असतो, शेड, लाईट, पाणी, मजूर माझा, मला किलोमागे जे मिळायचं ते बुडालं. पुढं शेड धुवा, फवारा, महिनोन्महिने रिकामं ठेवा, त्याचा एक रुपया नाही. बँकेचा हप्ता चालूच.

अन् सगळ्यात महत्त्वाचं, पैसे फक्त सरकारी टीमने जिवंत पक्षी मारला तरच. रोगानं आधी मेलेल्याला शून्य. मग विचार करा, सकाळी शेडमध्ये गेलो अन् मरतुक वाढलेली दिसली तर माणूस काय करेल? एक जण लगेच फोन करेल, हो, तसे लोक आहेत. दुसरा म्हणेल दोन दिवस बघू, मानमोडी असेल, उन्हाचं असेल. तिसरा रातोरात गाडी बोलवून राहिलेला माल काढेल. तो माल कुठं जाईल, दुसऱ्या तालुक्यात. मग तिथं वर्तुळ.

माळरान

शेडवाला, तुम्ही माझ्या मनातलं माझ्यापेक्षा नीट लिहिलंत. सहा आठवड्यांचं गणित तर मलाही माहीत नव्हतं.

माझं म्हणणं आता नेमकं मांडतो. थोडे मारून अनेक वाचवणं हे तेव्हाच खरं होतं जेव्हा रोग पहिल्या दिवशी कळतो. पहिल्या दिवशी कळला तर एक शेड आणि आजूबाजूची थोडी घरं, दहाव्या दिवशी कळला तर पाच गावं. म्हणजे किती कोंबड्या मारल्या जाणार हे त्या पहिल्या माणसाच्या फोनवर ठरतं. २००९ च्या कायद्याने कळवणं बंधनकारक केलंय, पण कायद्याच्या धाकापेक्षा 'कळवलं तर आपण बुडणार नाही' हा भरवसा जास्त कामाचा आहे. आपण त्याला तोच भरवसा देत नाही. मोबदला वाढवणं म्हणजे शेतकऱ्यावर उपकार असं बघणं सोडलं पाहिजे, त्याने कोंबड्याच वाचणार आहेत. मोबदल्यावर वाचवलेला प्रत्येक रुपया पुढच्या गावातल्या निरोगी कोंबड्या भरतात.

निशिगंध, जीव बेरजेत बसत नाहीत हे मी खोडत नाहीये. पण बेरीज करायचीच असं सरकारने ठरवलंय तर निदान पूर्ण करा, त्यात मावशी पण धरा, शेडवाल्यांचं रिकामं शेड पण धरा.

रानमोगरा

एक विचारू का, लम्पी आला तेव्हा गायी नाही मारल्या. २०२२ ला आमच्याकडे कोकणातसुद्धा घरोघरी येऊन लस दिली, फुकट, आणि लम्पीने मेलेल्या जनावराला मदत पण होती, दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. म्हणजे तिथे रोगाने मेलं तरी पैसे आणि इथे रोगाने मेलं तर शून्य? का? गाय आहे म्हणून? मग हा जीवाचा हिशोब नाहीच, कुठला जीव कुणाच्या मनाला किती जवळचा आहे त्याचा हिशोब आहे.

पशुवैद्य_खानदेश

रानमोगरा, प्रश्न रास्त आहे. फरकाची शास्त्रीय कारणं आहेत ती आधी सांगतो. लम्पी माणसाला होत नाही. त्यात बहुतेक जनावरं बरी होतात. शेळ्यांच्या देवीची लस लम्पीवर चालते हे माहीत होतं आणि ती हाताशी होती. बर्ड फ्लूत यातलं एकही लागू नाही. डेअरीतली गाय म्हणजे घराचा चार-पाच वर्षांचा पगार, ब्रॉयलर बेचाळीस दिवसांचा.

पण मेलेल्या पक्ष्याला शून्य या नियमाला यातलं एकही कारण पुरत नाही, हे मी मान्य करतो. नियमामागचा विचार असा की मेलेल्याचे पैसे दिले तर कशानेही मेलेला पक्षी बर्ड फ्लूत दाखवतील. भीती खोटी नाही. पण लॅबचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की कळवलेल्या तारखेपासून मेलेले पक्षी पंचनाम्यात धरायचे, एवढं करता येईल. म्हणजे फोन जितका लवकर तितके पैसे जास्त. उलट लपवणाऱ्याला आपोआप कमी. हे माझं वैयक्तिक मत.

आणि लसीबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगतो. बर्ड फ्लूच्या या एच५ प्रकारावर लसी जगात आहेत. फ्रान्सने २०२३ च्या ऑक्टोबरपासून बदकांना द्यायला सुरुवात केली, त्याआधी त्यांनी कोट्यवधी पक्षी मारले होते. लस दिल्यावर तिथल्या केसेस एकदम खाली आल्या. अडचण अशी की लस दिलेला पक्षी मरत नाही पण व्हायरस थोडाफार बाळगू शकतो, त्यामुळे रोग आहे की नाही कळायला सतत टेस्टिंग लागतं, आणि घेणारे देश अशा मालावर बंदी घालतात. फ्रान्सच्या मालावरही काहींनी घातली. आपलं धोरण आजवर मारण्याचंच राहिलंय, लस आहे ती एच९एन२ या सौम्य प्रकारावर.

टोरांटोकर

इथे कॅनडात याच विषयावर वर्षभर रान पेटलं होतं. ब्रिटिश कोलंबियात एक शहामृगांचा फार्म आहे, २०२४ च्या डिसेंबरअखेर तिथे मेलेल्या पक्ष्यांत बर्ड फ्लू सापडला आणि सगळे मारायची ऑर्डर निघाली. सत्तरेक मेले, पण तीनशेच्या आसपास वाचले आणि महिनोन्महिने ठणठणीत होते. मालक म्हणत होते पुन्हा टेस्ट करा, परवानगी मिळाली नाही. कोर्टकचेरी सुप्रीम कोर्टापर्यंत, लोक फार्मवर तंबू ठोकून. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने केस ऐकायला नकार दिला आणि लगेच सगळे गोळ्या घालून मारले.

माझ्या ओळखीत दोन्ही बाजूंचे लोक आहेत. एक बाजू म्हणते एकाला सूट दिली की प्रत्येक जण कोर्टात जाणार आणि रोग पसरत राहणार. मला ते समजतं. पण रोग येऊन गेलेले, त्यातून उठलेले पक्षी जवळजवळ दहा-अकरा महिन्यांनी मारण्यात वाचवलं कुणाला? ऑर्डर निघाली त्या दिवशी कदाचित बरोबर असेल, अंमलबजावणीच्या दिवशी ती तितकीच बरोबर होती का हे कुणी तपासायला तयार नव्हतं. नियम दरवेळी नव्याने परिस्थितीसमोर उभा राहिला पाहिजे.

निशिगंध

टोरांटोकर, हे वाचून पोटात कालवलं. आणि माझं म्हणणं हेच आहे, एकदा 'अनेकांसाठी थोडे' हे मान्य केलं की मग थांबायचं कुठे हे कुणाच्या हातात राहत नाही. डेन्मार्कमध्ये २०२० ला कोविडच्या भीतीने मिंक (फरसाठी पाळलेले मुंगसासारखे प्राणी) मारले, दीड कोटीच्या वर, देशातले सगळे, आणि नंतर कळलं की निरोगी मिंक मारायचा आदेश द्यायला कायद्याचा आधारच नव्हता, मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. राजीनाम्याने मिंक परत आले नाहीत.

पशुवैद्यांनी लिहिलेलं 'आज झटकन की परवा तडफडून' यावर मी बराच विचार केला. रोग पोचलेल्या शेडबद्दल मला ते पटलं. वर्तुळातल्या घराघरातल्या कोंबड्यांबद्दल अजून नाही पटलं. आणि 'झटकन' हे तरी सगळीकडे असतं का? अमेरिकेत मोठ्या शेड्समध्ये व्हेंटिलेशन बंद करून आत उष्णता वाढवतात आणि लाखो कोंबड्या तशाच उकाड्याने मरतात, २०२२ च्या साथीत हे सर्रास केलं. तासन्तास लागतात त्याला. तिथे २०२२ पासून पंधरा कोटींच्या वर पक्षी गेलेत. एका शेडमध्ये लाखो पक्षी ठेवायचे, त्यातला एकेक हाताने मारणं शक्य नाही म्हणून मग हे. म्हणजे गुन्हा आधीच झालेला असतो, एवढे पक्षी कोंबताना.

आकडेमोड

निशिगंध यांच्या शेवटच्या वाक्याला +१. आपण सगळे मारायच्या क्षणावर बोलतोय, पण 'अनेक' हे एका जागी इतके अनेक का झाले?

घाटमाथा

अवांतर होईल पण 'थोड्यांवर अनेकांचा भार' म्हटल्यावर मला हाफकिन संस्थेचे घोडे आठवले. सर्पदंशावरचं इंजेक्शन तयार करायला घोड्यांना विष अगदी थोडं थोडं वाढवत टोचतात, नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं, आणि मग त्यांचं रक्त काढून त्यातून औषध. भारतात वर्षाला पन्नास हजारांवर माणसं साप चावून मरतात, आमच्या घाटातल्या गावांत भातलावणीच्या दिवसांत हे काय असतं ते आम्हालाच माहीत. मी शाकाहारी आहे, वारकरी घरातला आहे, पण प्राथमिक आरोग्य केंद्रात ती बाटली असावी असं मला मनापासून वाटतं. मग मी कोंबड्यांच्या बाबतीत कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

माळरान

घाटमाथा, अवांतर नाही हे, पण माझ्या मते दोन्ही एकाच मापाने मोजता येणार नाहीत. घोडा मारत नाहीत, वर्षानुवर्षं सांभाळतात, खाऊपिऊ घालतात, आणि त्याला त्रास होतो हे सगळ्यांना कबूल असतं म्हणून त्याचे नियम आहेत, किती रक्त, किती दिवसांनी. शिवाय तो तिथे नेमका त्याच कामासाठी आहे. मावशीच्या खुडूक कोंबडीचा कशाशीच संबंध नव्हता, ती फक्त वर्तुळाच्या आत होती. म्हणून घोड्याला हो म्हणणाऱ्याने वर्तुळालाही डोळे झाकून हो म्हटलंच पाहिजे असं नाही. दर वेळी विचारायचं, यातून वाचणारं कोण, नक्की वाचणार का, दुसरा उपाय होता का, आणि भुर्दंड कुणावर.

आणि वाचणाऱ्यांत आता कोण कोण आहे बघा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला, तपासणीत एच५एन१ निघाला, खाण्यातल्या चिकनमधून आला असावा असा अंदाज होता. पुढच्याच महिन्यात उदगीरला कावळे टपाटप पडले, तोच रोग. हा आता फक्त कोंबड्यांचा आणि पोल्ट्रीचा विषय राहिलेला नाही. त्यामुळे वर्तुळ आखावं लागणार, मी ते नाकारत नाही. लहान असावं, लवकर आखलं जावं, आणि त्यात सापडलेल्याला बाजारभाव मिळावा, महिन्याच्या आत.

शेडवाला

महिन्याच्या आत मिळाले ना तर मी स्वतः आजूबाजूच्या दहा शेडवाल्यांना सांगेन की पहिल्या दिवशी फोन करा. आज सांगायला तोंड नाही.

रानमोगरा

डॉक्टर, एक शेवटचं. आमच्या आईच्या पाच-सहा कोंबड्या आहेत, कुठे नोंद वगैरे काही नाही. उद्या मरायला लागल्या तर नक्की काय करायचं? आणि नोंद नसलेल्या कोंबड्यांना मोबदला मिळतो का?

पशुवैद्य_खानदेश

मिळतो. परसातल्या असोत की शेडमधल्या, टीमने मारलेला प्रत्येक पक्षी पंचनाम्यात येतो, फक्त पंचनाम्यावर सही करायच्या आधी आकडा आणि वय स्वतः वाचून बघायला सांगा, आणि एक फोटो काढून ठेवा. अंडी आणि खाद्य पण लिहून घ्यायला सांगा, लोक ते विसरतात. बँक पासबुक आईच्या नावाचं हवं, आधार जोडलेलं.

एकाएकी दोन-तीन मेल्या, तुरे काळे पडले, तर गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा नाहीतर १९६२ ला फोन लावा. मेलेली हाताने उचलू नका, प्लास्टिकची पिशवी हातात घालून उचला, कापू नका, ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, कुत्र्याला देऊ नका. राहिलेल्या लगेच झाकून ठेवा आणि पाहुण्यांना द्यायच्या नाहीत की बाजारात न्यायच्या नाहीत. चांगलं शिजवलेलं चिकन किंवा अंडं खाऊन हा रोग होत नाही, पण आजारी पक्षी सोलताना होऊ शकतो. पुष्कळदा मानमोडीच निघते आणि तिची लस दवाखान्यात असते, ती आधीच देऊन घ्या, म्हणजे निदान तेवढी शंका तरी कमी होईल.

रानमोगरा

धन्यवाद डॉक्टर. पासबुक आईच्या नावाचं नाहीये, या आठवड्यात काढून घेते.